एंटर दाबायच्या आधी

ही गोष्ट माझ्याबरोबर घडली आहे. चुलतभावाच्या मित्राच्या साडूबरोबर नाही. माझ्याबरोबर.

ज्यांना पटणार नाही त्यांनी खाली "फेकू" लिहून मोकळं व्हावं. मी भांडायला येणार नाही.

आणि रात्र नव्हती. वादळ नव्हतं, कुत्री रडत नव्हती, पांढऱ्या साडीतली कुणी बाई नव्हती. रविवारची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन होतं. मी एका स्कॅन सेंटरच्या तळघरात, बंद पडलेल्या सर्व्हरसमोर बसलो होतो.

एकटा.

हा शब्द नीट वाचून ठेवा... एकटा.

माझा धंदा असा की मेलेली मशीनं उठवायची. दवाखाने, लॅब, छोटी ऑफिसं. कॉलेजात काही शिकलो नाही, बिघडलेलं उघडून बघत शिकलो. पण एका माणसाकडून मात्र शिकलो. सगळे त्याला पाठीमागे "सावकाश" म्हणायचे, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्दच नसायचा.

"सावकाश रे. मशीन कुठे पळून चाललंय का?"

तोंडावर मी त्याला काका म्हणायचो.

काकांचा एक नियम होता. बिघडलेल्या मशीनवर एकट्याने हात चालवायचा नाही. एकाचे हात, दुसऱ्याचे डोळे. मी कमांड टाइप करायची, पण एंटर दाबायचा नाही. काका मागे उभे राहून ती ओळ मोठ्याने वाचणार. अक्षर अन् अक्षर. मग म्हणणार, "मार." मगच एंटर.

त्यांची वाचायची तऱ्हाही निराळी. तिरक्या रेघेला सगळं जग स्लॅश म्हणतं, काका म्हणायचे "तिरपी". स्पेसला "मोकळी". डॉटला "टिंब". मी खूप हसायचो. पहिल्या आठवड्यातच सवय झाली.

आणि काही पुसायचं असलं की एक प्रश्न ठरलेला. "किती मोठी?" म्हणजे जी डिस्क पुसतोयस ती केवढी आहे, ते आधी बघ. नाव खोटं बोलतं, माप खोटं बोलत नाही, असं ते म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. जिना चढताना बसले ते उठलेच नाहीत.

आमच्या कंपनीच्या मालकाने दुसरा माणूस दिला नाही. "एका की-बोर्डला दोन माणसं कशाला?" म्हणाला. स्वतःच्या केबिनचं दार उघडायला माणूस ठेवलाय त्याने. असो.

तेव्हापासून मी एकटाच टाइप करतो आणि एकटाच एंटर मारतो.

त्या रविवारी सेंटरच्या टेक्निशियन ताईंचा फोन आला.

"दादा, लगेच या. सर्व्हर उठत नाही."

"काय केलंत?"

"काहीच नाही केलं हो."

जगातला प्रत्येक माणूस हेच म्हणतो.

"काहीच नाही म्हणजे?"

"त्याने विचारलं अपडेट करू का. मी हो म्हटलं. मध्येच वीज गेली."

"ताई, यालाच काहीतरी करणं म्हणतात."

पोहोचलो तर पॅसेजमधल्या बाकावर एक माणूस बसलेला. हातांवर ठिणग्यांचे जुने डाग. मांडीवर लहान मुलीच्या चपला.

"तुम्हीच का ते दुरुस्तीवाले?"

"हो."

"किती वेळ लागेल?"

"बघतो."

"मी वेल्डर आहे साहेब. आम्हीपण गिऱ्हाइकाला 'बघतो' म्हणतो, तेव्हा आम्हाला घंटा काही माहीत नसतं."

मला हसू आलं. तो हसला नाही.

"पोरगी आहे माझी. डोक्यात गाठ आहे. सकाळी भूल देऊन इथे स्कॅन केला आणि तशीच मोठ्या हॉस्पिटलात हलवली. बायको तिच्यासोबत आहे. तिथले सर्जन म्हणतात, चित्रं बघितल्याशिवाय सुरी लावणार नाही. आणि संध्याकाळच्या पुढे गेलं तर लावून उपयोग नाही."

"परत स्कॅन..."

"परत आणायची तिची अवस्था नाही."

मी त्या चपलांकडे बघितलं. माझ्या तळहाताएवढ्या.

"चित्रं त्याच डब्यात आहेत ना?" त्याने विचारलं.

"त्याच डब्यात."

दुसरीकडे कुठेच नव्हती. स्कॅनचं मशीन चित्रं सर्व्हरला पाठवतं आणि स्वतः रिकामं होतं. सर्व्हरची रोज नक्कल काढणारी डिस्क होती, ती भरून बंद पडली होती. नवी घ्या म्हणून मी सेंटरच्या मोठ्या डॉक्टरांच्या कानीकपाळी ओरडलो होतो. त्यांनी त्या महिन्यात रिसेप्शनला नवा सोफा घेतला.

सर्व्हरची खोली तळघरात होती. आधी ती एक्स-रेची खोली होती. भिंतीत शिसं, दारात शिसं. दार लोटायला खांदा लावावा लागतो, आणि एकदा लागलं की बाहेरचं जग संपलं. फोनला रेंज नाही. बाहेरून कुणी बडवलं तरी आत उशीवर थाप मारल्यासारखा आवाज येतो.

एका भिंतीत जाड काच होती. काचेपलीकडे छोटी केबिन, जिथून पूर्वी टेक्निशियन बटण दाबायचे आणि पेशंटला "श्वास रोखा" वगैरे सांगायचे. त्यासाठी भिंतीवर एक स्पीकर. केबिनमधून बोललेलं खोलीत ऐकू यायचं. खोलीतलं केबिनमध्ये जात नसे. आता त्या काचेला पाठ लावून सर्व्हरचं कपाट उभं होतं. केबिनला कुलूप होतं आणि किल्ली ताईंच्या जुडग्यात.

स्क्रीन काळी. वर कोपऱ्यात दोन शब्द आणि लुकलुकणारी एक खूण. बस.

कॉम्प्युटरमधलं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बूटलोडर म्हणजे घरातली सगळ्यात आधी उठणारी बाई. ती उठते, मग बाकीच्यांना हलवते. कर्नल म्हणजे घरचा कर्ता, तो उठला की घर चालतं. अपडेटमध्ये नवा कर्ता आला होता. एरवी जुन्यालाही घरातच ठेवतात, नव्याने घोळ घातला तर यादीतून जुन्याला उठवायचं. पण वीज गेली नेमकी लिहिता लिहिता. त्यांच्या खोलीचाच चुराडा झाला. यादीच येईना. बाई उठली होती, पण तिला घरात कुणी सापडत नव्हतं.

मग मी पेन ड्राइव्ह लावला आणि त्याच्यावरून मशीन चालू केलं.

शहाणे म्हणतील, तसंच चित्रं कॉपी करून न्यायची की! नेता आली असती तर मी काय मूर्ख होतो? ते सॉफ्टवेअर चित्रांचे तुकडे करून ठेवतं. ते स्वतः चालू झाल्याशिवाय तुकडे जुळत नाहीत.

आत दोन डिस्क होत्या. लहान डिस्कवर मशीनचा संसार, मोठीवर सगळी चित्रं. लहान डिस्कवरचा बूटचा तुकडा, म्हणजे तीच चुराडा झालेली खोली, पुसायचा, पुन्हा नीट लिहायचा, मशीन उठवायचं. शंभरदा केलेलं काम.

मी पुसायची कमांड टाइप केली.

करंगळी एंटरवर ठेवली.

आणि...

भिंतीवरचा स्पीकर खरखरला.

मला वाटलं, ताई. वर मान न करता म्हटलं, "ताई, दोन मिनिटं."

ती खरखर थांबली नाही. मग थांबली. आणि तिच्याबरोबर... सगळंच थांबलं. सर्व्हरचे पंखे फिरत होते, मला दिसत होते. पण त्यांचा आवाज येत नव्हता.

कधी कानात पाणी गेलं की होतं ना, तसं.

मग स्पीकरमधून कुणीतरी घसा खाकरला.

आणि वाचायला लागलं.

"एम... के... एफ... एस... टिंब..."

माझी करंगळी एंटरवरच होती. हलेना.

"ई... एक्स... टी... चार... मोकळी..."

सपाट आवाज. बाईचा की पुरुषाचा तेही सांगता येणार नाही. काकांचाच आवाज होता अशी शपथ मी घेणार नाही. घेऊ शकत नाही.

"तिरपी... डेव्ह... तिरपी..."

तिरपी.

अख्ख्या जगात असं म्हणणारा एकच माणूस मी बघितला. आणि त्याला मी स्वतः खांदा दिला होता.

"एस... डी... ए... एक."

मग शांतता. वाचून झाल्यावर ते थांबायचे ना, तेवढीच.

"किती मोठी?"

आता जे सांगतो त्यावर हसायचं तर हसा. मी उत्तर दिलं. घाबरलो नंतर. आधी उत्तर दिलं. इतक्या वर्षांची सवय, जीभ भीतीच्या आधी पळाली.

"लहान आहे काका. बूटची."

"बघ."

मी ओळ पुसून डिस्कची मापं मागवली.

आणि आकडा मोठा निघाला.

पेन ड्राइव्हवरून चालू केल्यावर डिस्कची नावं अदलाबदल झाली होती. होतं असं कधी कधी. रोज जी पहिली असते ती दुसरी झाली होती. मी पुसायला निघालो होतो ती मोठी डिस्क होती. चित्रांची. त्या पोरीची, आणि इथे आजवर आलेल्या प्रत्येक माणसाची.

एक एंटर. खेळ खल्लास.

मी खुर्चीत मागे टेकलो. शर्ट पाठीला चिकटला होता. स्पीकर गप्प. पंखे अजून मुके.

"काका?"

काही नाही.

खरं तर मी तिथून पळायला हवं होतं. कुणीही पळालं असतं. पण वर बाकावर तो माणूस चपला घेऊन बसला होता. मी पळून कुठे जाणार होतो? आणि त्याला काय सांगणार होतो?

मी योग्य डिस्कचं नाव टाइप केलं. एंटरवर बोट ठेवलं आणि थांबलो.

स्पीकरने वाचलं. टिंब, मोकळी, तिरपी, सगळं.

"मार."

मी मारला.

पुढची ओळ. वाचन. "मार."

पुढची.

हळूहळू माझी भीती गेली. हेच मला आता सगळ्यात भयंकर वाटतं. भीती गेली आणि बरं वाटायला लागलं. काका गेल्यापासून इतकं सरळ काम माझ्या हातून झालं नव्हतं. एका ओळीत मी एक अक्षर चुकलो, स्पीकर त्या अक्षरावर नुसता अडून राहिला, मी दुरुस्त केलं. "मार." मी तर पुटपुटलोसुद्धा, "मालकाला दाखवायला पाहिजे होतं हे."

उत्तर आलं नाही. ओळीपलीकडचं ते काही बोलतच नव्हतं.

जुना कर्नल परत बसवला. बूटलोडर नव्याने लिहिला. सगळं तपासलं. एकच कमांड उरली. रीबूट. मशीन बंद होऊन स्वतःच्या पायावर उठायचं.

टाइप केली. बोट ठेवलं.

"री... बूट."

शांतता.

मी वाट बघितली.

"थांब."

मी हात उचलला. कुठे चुकलं? एकेक पायरी परत बघितली. डिस्क बरोबर. मापं बरोबर. यादी बरोबर. कुठेच काही नाही.

"काका, सगळं बरोबर आहे."

"थांब."

दारावर थप... थप... उशीवर मारल्यासारखे आवाज. मी उठून खांदा लावून दार फटीएवढं उघडलं. ताई होत्या, मागे वेल्डर.

"दादा, हॉस्पिटलातून तिसऱ्यांदा फोन. सर्जन विचारतायत घेऊ की नको. पोरीला थिएटरात नेलंय!"

"साहेब," वेल्डर म्हणाला. त्याने चपला छातीशी धरल्या होत्या.

"ताई, केबिनमध्ये कोण आहे?"

"कुठल्या केबिनमध्ये?"

"या काचेच्या मागे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे विचारलं नाही. किल्ल्यांचं जुडगं त्यांच्या हातात होतं.

दार लागलं. मी परत खुर्चीत बसलो.

पुन्हा तपासलं. काहीही चुकलेलं नव्हतं. मी माझ्या आईची शपथ घेऊन सांगतो, काहीही चुकलेलं नव्हतं.

"काका, पोरगी टेबलावर आहे. सांगा काय ते. कुठे चुकलोय?"

मग, पहिल्यांदाच, तो आवाज जरा वाकला. विनवल्यासारखा.

"थांब... सावकाश."

आता तुम्ही सांगा. ज्या आवाजाने घटकाभरापूर्वी त्या पोरीची चित्रं माझ्याच हातून वाचवली, तोच म्हणतोय थांब. कारण सांगत नाही. आणि बाहेर तिचा बाप उभा आहे.

तुम्ही काय केलं असतं?

मी एंटर मारला.

त्याने "मार" म्हटलेलं नसताना मी आयुष्यात पहिल्यांदा, त्याच्या देखत, एंटर मारला.

स्क्रीन काळी झाली. त्याच क्षणी पंख्यांचा आवाज धाडकन कानात परत आला. स्पीकरमध्ये एक लांब श्वास सुटल्यासारखं काहीतरी... आणि मग साधी खरखर... आणि मग तीही नाही.

मशीन उठलं. एका झटक्यात. यादी आली, कर्नल आला, सॉफ्टवेअर चालू झालं. पोरीची चित्रं जुळली. ताईंनी ती तिथल्या तिथे हॉस्पिटलला पाठवली.

वेल्डरने माझे दोन्ही हात धरले. चपला मध्येच अडकल्या.

ऑपरेशन झालं. व्यवस्थित झालं. पोरगी शुद्धीवर आली आणि पहिल्यांदा काय म्हणाली तर माझ्या चपला कुठायत. हे त्यानेच मला फोन करून सांगितलं, हसत आणि रडत.

मग गोष्ट संपली ना?

मलाही तसंच वाटलं.

निघण्याआधी मी ताईंकडून केबिन उघडून घेतली होती. जुन्या फिल्मची खोकी छतापर्यंत. आत उभं राहायलाही जागा नाही. माइक खोक्यांच्या मागे कुठेतरी गाडलेला. आणि समजा कुणी घुसलं असतं, तरी काचेला कपाटाची पाठ लागलेली. तिथून माझी स्क्रीन दिसणं शक्य नाही. खोलीतलं तिथे ऐकू जाणंही शक्य नाही. मग मी बोललेलं त्याने ऐकलं कसं?

ताई एवढंच म्हणाल्या, "दार उघडलंत तेव्हा तुम्ही रडत होतात, दादा. म्हणून मी केबिनबद्दल काही बोलले नाही."

मला रडल्याचं आठवत नाही.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि भाजी चिरता चिरता म्हणाली, "चूक दिसली म्हणून थोडंच थांब म्हणाले असतील ते. मशीन उठलं की तू उठून जाणार. तू जायला नको होतास त्यांना."

"एवढंच?"

"एकटं पडल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?"

मी ते धरून ठेवलं. छान आहे ते. त्यावर झोप लागते.

पण काही दिवसांनी दात घासताना दुसरा विचार आला, आणि तो आता जात नाही.

काकांनी उगाच कधी "थांब" म्हटलं नव्हतं. एकदाही नाही. चिडले असले, आजारी असले, भुकेले असले, तरी उगाच नाही. त्यांना चूक दिसली की ते थांब म्हणायचे. मी मशीन तपासलं. मशीनमध्ये चूक नव्हती.

मग चूक कशात होती?

मशीन उठलं नसतं तर चित्रं हॉस्पिटलला पोहोचली नसती. चित्रं पोहोचली नसती तर सर्जनने सुरी लावली नसती. मग तो आवाज मला थांबवत होता, की मशीनला, की... त्या ऑपरेशनला?

मी वेल्डरला फोन केला. "पोरगी कशी आहे?"

"एक नंबर, साहेब."

दोन दिवसांनी परत केला. मग परत. तो आधी खूश व्हायचा. बायकोला सांगायचा, बघ, साहेब आठवण ठेवतात. मग दोन शब्दांत उरकायला लागला. परवा मात्र त्याने सरळच विचारलं.

"साहेब, डॉक्टर विचारत नाहीत एवढं तुम्ही विचारता. चित्रात काही दिसलं होतं का तुम्हाला?"

"नाही हो. मला काय कळतंय त्यातलं?"

"मग?"

मी काय सांगणार होतो? की एका मेलेल्या माणसाने थांब म्हटलं होतं आणि मी थांबलो नाही?

"असंच," मी म्हटलं. "काळजी वाटते."

"काळजी करू नका," तो म्हणाला. आवाज कोरडा झाला होता. "आणि साहेब... एक सांगू? आता फोन नका करू. तुमचा नंबर दिसला की माझी बायको पोरीला जवळ ओढून बसते."

फोन ठेवला त्याने.

रात्री मात्र त्यानेच एक व्हिडिओ पाठवला. वाईट वाटलं असेल त्याला. पोरगी घरासमोर पळतेय. डोक्यावरचे केस अजून आखूड आहेत. पळते, वळते, हसते, पुन्हा पळते.

कितीतरी वेळा बघितला मी तो. आताही बघतोय.

ती कुठे अडखळते का, ते शोधतोय.

अजून तरी अडखळलेली नाही...